साडेतीन तासांचा कॅनडा

घरात मला कुणी काही विचारत नाही, हे एका अर्थी बरंच होतं. त्या दिवशी गवंड्यानं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

झालं असं की आमच्या गच्चीवर विमान बसत होतं. म्हणजे पाण्याची टाकीच, पण विमानासारखी. सिमेंटचे पंख, सिमेंटची शेपूट, निळ्या रंगानं काढलेल्या खिडक्या. आमच्या फगवाड्याकडच्या गावांत ज्याचा मुलगा बाहेर गेला त्याच्या गच्चीवर काहीतरी बसतंच. कुणाचा गरुड, कुणाचा फुटबॉल. एकानं प्रेशर कुकर बसवलाय (तो इटलीत हॉटेलात भांडी घासतो असं लोक म्हणतात, पण लोक काय, काहीही म्हणतात). विमान मात्र शोभतं ते कॅनडावाल्यांनाच. आणि माझा नवरा तरनवीर कॅनडात होता, व्हँकुव्हरला. तो गेला तेव्हा मन्नत माझ्या पोटात होती. आता ती धावते, चावते आणि कोंबड्यांच्या मागे लागून नाल्यापर्यंत जाते, म्हणून माझा जीव सारखा टांगलेला. बापानं तिला अजून हातात घेतलेलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, टाकी राहू दे, त्या पैशांत माणूस बोलवा. पण वर सांगितलंच, मला कुणी विचारत नाही.

तर भजन मिस्त्रीनं शिडीवरून मान काढून विचारलं, "बीजी, विमानाचं तोंड कुठे करू?"

"कॅनडाकडे," बीजी म्हणाल्या. बीजी म्हणजे माझी सासू.

"ते ठीक. पण कॅनडा कुठे?"

माझ्या सासऱ्यांनी, भापाजींनी, खाटेवरूनच अमृतसरच्या दिशेनं हात केला. "पोरगा तिकडून चढला."

बीजींनी बरोबर उलटीकडे, दिल्लीच्या दिशेनं बोट दाखवलं. "सगळे कॅनडावाले दिल्लीहून जातात. आपलाच एकटा अमृतसरहून गेला, म्हणून काय कॅनडा तिकडे सरकला?"

"दोन तोंडं करू का?" मिस्त्री म्हणाला. सिमेंट वाळत होतं.

माझ्या हातात फोन होता. मी सातवीपर्यंत शिकले आहे, इंग्रजी अक्षरं जुळवता येतात. दोन विमानतळांची नावं घातली की मधलं अंतर सांगणारं एक पान असतं, तिथे मी अमृतसर आणि व्हँकुव्हर घातलं. पृथ्वीचा गोळा आला आणि त्यावर एक लाल रेघ. ती दिल्लीकडेही गेली नाही आणि पाकिस्तानाकडेही गेली नाही. आमच्या डोक्यावरून सरळ वर चढली, जगाच्या टोकावरून पलीकडे उतरली.

"उत्तरेला," मी म्हटलं.

"उत्तरेला तर हिमाचल आहे, बीबी."

"त्याच्या पुढे."

"पुढे बर्फ."

"कॅनडातही बर्फच आहे."

हे मिस्त्रीला पटलं. त्यानं नाक उत्तरेला फिरवलं. नाक उत्तरेला म्हणजे शेपूट दक्षिणेला, आणि शेपटीतून जादा पाणी पडायचा पाइप. दक्षिणेला जिंदर भाभीचं अंगण आहे, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही. जिंदर भाभी कुणाच्या लक्षात यावी अशी बाईच नव्हती. तिचा नवरा सतपाल दुबईला होता ना.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे माणसाची किंमत विमानाच्या तासांवर ठरते. दुबई साडेतीन तास. तो काही परदेश नाही, जेवणाचं ताट येईस्तोवर उतरायची वेळ होते. इटली बरी. इंग्लंड चांगलं. कॅनडा म्हणजे काय विचारता! लग्नाचं बघतानाही पहिला प्रश्न तोच, मुलगा किती तासांवर आहे? माझ्या वडिलांनी तरनचं नाक-डोळे पाहिले नाहीत, फक्त त्याची कॅनडाच्या व्हिसाची फाइल लागली आहे एवढं ऐकलं आणि मिठाई मागवली. जितका जावई लांब तितका मान मोठा. (मान मला पुष्कळ मिळाला. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात बायका उठून जागा द्यायच्या. ती जागा घेऊन मी एकटी बसायची.)

उलट जिंदर भाभीला बीजी तोंडावर 'साडेतीन तासवाली' म्हणायच्या. तिच्या घरचा चहा प्यायच्या नाहीत. तिचा नवरा दर वर्षी घरी यायचा, यालाही नाक मुरडायच्या. "दर वर्षी येतो म्हणजे काय? एवढ्या जवळ तर म्हैससुद्धा चरायला जाते."

असो. मिस्त्री गेल्यावर मी ते फोनवरचं पान पुन्हा उघडलं. खाली तास लिहिले होते. कुठेही न थांबता सरळ उडालं तरी तेरा-चौदा तास. मी वाचलं, फोन ठेवला, मन्नतची लाळ पुसली आणि एकदम मला राजमा आठवला.

तरन गेला त्या दिवशी विमानात बसल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा मी राजमा भिजत घालत होते. मग "पोहोचलो, काळजी करू नका" असा फोन आला. बीजींनी सगळ्या गल्लीला हाका मारल्या, मी आनंदानं स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात हात घातला, आणि दाणा नखानंसुद्धा तुटेना. दगड नुसता. तेव्हा मला वाटलं, राजमा जुना असेल. दुकानदाराला शिव्या घातल्या. अहो, चौदा तासांत राजमा भिजतो, शिजतो, संपतो आणि पोटातून गुरगुरतोसुद्धा!

मला काळजी करायची सवय आहे. बीजी म्हणतात, मी माहेरून दुसरं काही आणलं नाही, तेवढीच आणली. पण ही काळजी मी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, चेहरा दिसणारा. नेहमीसारखा. जाड जॅकेट, कानांवरून मफलर, मागे ओढलेला पडदा. दोन वर्षं मी हेच बघत होते. त्याच्या कॅनडात कायम रात्रच असायची. आणि थंडी इतकी की माणसाच्या कपाळावरून घाम ओघळायचा. (बीजी समजावायच्या, "तिकडे हीटर असतात." मी मान डोलवायची. सातवी शिकलेल्या बाईनं मान डोलवू नये.)

"किती वाजले तिकडे?" मी विचारलं.

"रात्र आहे."

"पण किती?"

"बरीच," तो म्हणाला आणि मफलरनं घाम पुसला. "मन्नतनं दूध घेतलं?"

विचारायचं होतं ते ओठांवर आलं आणि तिथेच बसलं. विचारलं आणि त्यानं सांगितलं, तर मग मी काय करणार होते? तो कुठेच नाही असं निघालं तर? दूध घेतलं म्हणून सांगितलं आणि फोन बीजींना दिला.

टाकीचा मुहूर्त रविवारी होता. गुरुद्वाऱ्याचे भाईजी येऊन अरदास, म्हणजे प्रार्थना, करून गेले. विमानावर कॅनडाच्या झेंड्यावरचं लाल पान रंगवून झालं होतं. गल्लीतले सगळे गच्चीवर आणि अंगणात, लाडवांची परात भरलेली. भापाजी मोटर लावून गच्चीवर चढले. आम्ही वर बघत उभे. विमान भरत आलं, भरलं, आणि पोटातून एक आवाज आला, जसा अपचन झालेल्या माणसाला येतो. मग शेपटीतून पाण्याचा जो झोत सुटला तो भिंतीवरून थेट पलीकडे. मोटर बंद करायची तर बटण खाली, भापाजींचे गुडघे दुखरे आणि शिडीवर माणसं अडकलेली.

पलीकडून किंकाळी आली. लाडू घेऊन माणसं पांगली तरी ती थांबली नव्हती. मग दार ढकलून जिंदर भाभी आत आली. डोक्यापासून भिजलेली, दोन्ही हातांत ओल्या कापसाचा गोळा. सतपाल यायचा होता म्हणून तिनं रजईचा कापूस पिंजून अंगणात पसरला होता.

"तुमचं विमान माझ्या अंगणात मुतलं!"

"तोंड सांभाळ," बीजी म्हणाल्या. "साडेतीन तासवाल्यांच्या अंगणात एवढ्या लांबचं काही पहिल्यांदाच पडलं असेल. हात जोड."

"लांबचं?" भाभीनं तो गोळा परातीत आपटला. "बीजी, मला बोलायला लावू नका. दोन वर्षं जीभ दातांखाली धरून बसलेय."

"सोड की मग! धरायला सांगितलं कुणी?"

"तुमच्या तरननं सांगितलं! माझ्या सतपालच्या वरच्या खाटेवर झोपतो तो. दुबईला. सकाळी उतरताना रोज ह्याच्या तोंडावर पाय देतो!"

घरात आम्ही चौघंच उरलो होतो. मन्नत परातीतला ओला कापूस लाडू समजून चाटत होती. मी तो काढून घेतला.

बीजींनी दोन गोष्टी केल्या. आधी दार लावलं. मग म्हणाल्या, "हळू बोल."

भाभी खाटेवर बसली. तिचाही राग पाण्यासारखा ओतून झाला होता. परदेशी पाठवणाऱ्या एजंटनं तरनला दुबईपर्यंत नेलं, म्हणाला पुढचं विमान उद्या, आणि तो उद्या काही उगवला नाही. तरन विमानतळाबाहेर बसून होता. सतपालनं त्याला खोलीवर नेलं, कामाला लावलं. पहिल्या रात्री तरननं त्याच्या पायांवर हात ठेवला, गावात सांगू नको. "तुमची मान खाली जाईल म्हणून. आणि तुम्ही इकडे माझी मान रोज खाली घालायला लावत होता."

भापाजी छताकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "मग ते वरचं आता उतरवायचं का?"

"खबरदार!" बीजी म्हणाल्या.

फोन मीच लावला. नेहमीचं जॅकेट, नेहमीचा पडदा. मी म्हटलं, "जिंदर भाभी बसलीय इथे."

त्यानं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जॅकेट काढू का आता?"

काढलं. आत बनियन होती, ओलीचिंब. किती वाळला होता! मागून कुणीतरी पडदा ओढला आणि खोलीत एवढं ऊन आलं की मला डोळे बारीक करावे लागले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग बीजींनी विचारलं असतं, का रडतेस."

"मी तशीही रडतच होते."

"हो, पण ते कॅनडासाठी होतं."

मी एवढंच म्हटलं, "या. साडेतीन तास म्हणजे मन्नत दुपारची झोपून उठते तेवढ्यात याल. दोन वर्षं मी समजत होते की तुम्ही जगाच्या पलीकडे आहात."

त्याचेही डोळे भरले. म्हणाला, थोडी सुट्टी मिळेल. मी मन्नतला उचलून नाचवलं. आणि हीच माझी चूक झाली, कारण बीजी ऐकत होत्या.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पण येईल तर कॅनडाहून येईल."

मग ठरलं ते असं. जिंदर भाभीनं गप्प राहायचं. त्याबदल्यात शेपटीचा पाइप आमच्याच नाल्याकडे वळवायचा, कापूस भरून द्यायचा, आणि बीजींनी तिच्या घरी जाऊन चहा प्यायचा. (प्यायल्या. काढा पितात तशा, नाक धरून.) आणि तरन साडेतीन तासांत अमृतसरला उतरला तरी लगेच घरी यायचं नाही. कॅनडाहून माणूस असा ताजातवाना येत नाही. त्यानं एक अख्खा दिवस आणि रात्र तिथल्या गुरुद्वाऱ्याच्या धर्मशाळेत बसून काढायची, दाढी वाढू द्यायची, मगच टॅक्सी करायची.

"बीजी, सुट्टीच केवढी आहे!" मी म्हटलं. "मी मन्नतला घेऊन तिकडे जाऊ?"

"जा. आणि बसमध्ये गावातलं कुणी भेटलं तर सांग, कॅनडा बसस्टँडाच्या मागे आहे म्हणून."

तर माझा नवरा दोन तासांच्या वाटेवर येऊन बसला, आणि मी घरी मक्याच्या पिठात हात घालून त्याचा प्रवास संपायची वाट पाहत राहिले. तो लंगरात जेवला, तळ्याकाठी बसला, लोकांच्या चपला नीट लावल्या. माझ्यासाठी घेतलेली दुबईची अत्तरं त्यानं तिथेच कुणाला देऊन टाकली, वास ओळखू येईल म्हणून. चॉकलेटं जालंधरच्या बाजारातून कॅनडाची म्हणून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो आला, ढोल वाजले, मन्नत किंचाळून माझ्या ओढणीत शिरली. मला वाटलं, होईल, हळूहळू होईल. पण हळूहळू व्हायला दिवस कुठला? कॅनडाहून आलेला माणूस दिवसा झोपतो, तिकडची रात्र अंगात भिनलेली असते, हे गावातलं पोरसुद्धा जाणतं. मग तरनला दिवसा झोपणं भाग पडलं. बाहेरच्या खोलीत, दार उघडं ठेवून. बायका यायच्या, उंबऱ्यातून बघायच्या.

"झोपलाय."

"हो ना, तिकडे आता रात्र."

"बघ, झोप चढलीय कशी! बारा तासांचा फरक आहे म्हणे."

"आमचा इटलीवाला दुपारपर्यंतच झोपतो."

बीजी पंखा घालत बसायच्या आणि मी सगळ्यांना चहा करायची. कधी कुणी नसलं की मन्नत जाऊन त्याच्या नाकात बोट घालायची, तेव्हा तो एकच डोळा उघडून तिच्याकडे बघायचा. ती खिदळायची. तेवढ्यात फाटकाची कडी वाजायची की डोळा बंद. मला वाटायचं, ठीक आहे, रात्र तर आपली आहे. पण दिवसभर झोपल्याचं नाटक करणं फार मेहनतीचं काम असतं म्हणे. पाठ टेकताच तो खरोखरचा झोपायचा. मी त्याला उठवायची कशी? मी त्याच्या शेजारी पडून त्याचं घोरणं ऐकायची. माणूस दुबईत असतो तेव्हा निदान घोरत तरी नाही.

शेवटच्या दोन दिवसांत मन्नत त्याच्या पोटावर बसायला लागली. 'पापा' म्हणायला लागली. आधी उशीला म्हणाली, पण नंतर त्यालाच. आणि मग जायची वेळ आली.

जाणंही कॅनडालाच. म्हणजे दिल्लीकडे. गाव फाट्यावर जमला, हार घातले, टॅक्सी दिल्लीच्या रस्त्याला लागली. तिनं फगवाड्यापर्यंत जायचं, तिथे त्यानं उतरायचं, तोंडाला मफलर गुंडाळून अमृतसरची बस धरायची. हे आम्हा पाचजणांनाच ठाऊक. मी मन्नतला खांद्यावर टाकून दिल्लीच्या रस्त्याकडे बघत रडायला लागले. खोटं नाही, खरंच रडले. घरी जाऊन रडले असते, पण बीजींनी फाट्यावरच लाडू वाटायला काढले आणि कानात सांगितलं, "थांब अजून. कॅनडावाल्याची बायको इतक्यात घरी जात नसते."

म्हणून मी थांबले. लाडू वाटून झाले, फोटो झाले, बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मागे कुठलीशी बस येऊन थांबली, प्रवासी चढले-उतरले. बसकडे कोण बघतंय? मन्नतचं तोंड मात्र माझ्या पाठीकडे होतं. ती एकदम खांद्यावर उसळायला लागली, हात हलवायला लागली. "पापा! पापा!"

सगळ्या बायकांचे डोळे पाणावले. मलाही भरून आलं. मी तिची मान धरून दिल्लीकडे फिरवली. "वेडे, तिकडे काय? पापा इकडे गेले, इकडे! टाटा कर."

ती वळेना. रडायला लागली. मी आणखी जोरात फिरवली.

संध्याकाळी त्याचा अमृतसरहून फोन आला. आवाज घोगरा. म्हणाला, "तिनं मला ओळखलं गं. मफलरमधूनसुद्धा ओळखलं. दोन मिनिटं बस तिथेच उभी होती, तुझ्या पाठीमागे."

मी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. मन्नतची मान अवघडली होती, तिला तिळाचं तेल चोळत होते.